सेकंड हँड गाडीत बिघाड निघाला तर: डीलरकडून दुरुस्त करून घेण्याचा नेमका क्रम

सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की आमच्याकडे जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात आणि पंधरा दिवसांनी फोन. "भाऊ, गाडी गरम होऊन राहिली. डीलर म्हणते आता माही जबाबदारी नाही." आतापर्यंत काय काय केलं असं विचारलं तर उत्तर जवळपास ठरलेलं असतं. गावातल्या मिस्त्र्याला दाखवली, त्यानं थोडी उघडली, एक पार्ट बदलला, दीड-दोन हजार गेले, फरक पडला नाही, मग डीलरला फोन केला. जे काम सगळ्यात आधी करायचं, ते शेवटी झालेलं असतं.

खालचा क्रम डीलर, ऑटो कन्सल्टंट किंवा कार बाजारातून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीचा आहे. ओळखीच्या माणसाकडून थेट गाडी घेतली असेल तर शेवटचा टप्पा तुम्हाला लागू नाही. तिथे मामला दोन माणसांमधला राहतो.

## टप्पा १: पहिल्या दिवशी कोणालाही पाना लावू देऊ नका

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो. अमरावतीहून जुनी पेट्रोल हॅचबॅक आणली. चौथ्या दिवशी दर्यापुरात बाजाराच्या गर्दीत अडकलो आणि टेम्परेचरचा काटा सरसर वर गेला. रेडिएटरचा फॅन फिरत नव्हता. ओळखीच्या मिस्त्र्यानं दहा मिनिटांत दोन वायरी कापून फॅन बॅटरीवर 'डायरेक्ट' करून पाहिला. तरी फिरला नाही. मी डीलरला फोन लावला तर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुमच्या मिस्त्र्यानं वायरिंग कापली न, आता आमच्याकडे काय येता?" आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून बिघाड दिसला की गाडी सावलीत उभी करा आणि मोबाईल काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना एक सलग व्हिडिओ घ्या. आधी नंबर प्लेट, मग किल्ली ऑन करून डॅशबोर्डचे सगळे दिवे आणि मीटरचे किलोमीटर, मग स्टार्ट, आवाज, सायलेन्सरचा धूर आणि गरम होत जाणारा काटा. तारीख व किलोमीटर तोंडाने बोला. व्हिडिओ कापू नका, जोडू नका, आणि ज्या मोबाईलवर घेतला त्यातून मूळ फाइल पुसू नका.

धूर असेल तर रंग नीट टिपा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत शिरतंय. थंडीच्या दिवसात सकाळी दोन-चार मिनिटं वाफ निघते, ती बिघाडात धरू नका.

तपासा: किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल तर तो कोणीतरी बंद केलेला असण्याची दाट शक्यता आहे. व्हिडिओत हे जरूर घ्या.

सावधान: गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि आम्हा खारपाण पट्ट्यातल्या लोकांसाठी वेगळी सूचना, बोअरचं पाणी त्यात ओतू नका. आतमध्ये क्षार धरतो, आणि उद्या डीलर तोच क्षार तुमच्या नावावर मांडतो.

ब्रेक, स्टिअरिंग किंवा पेट्रोल गळतीचा मामला असेल तर गाडी चालवत नेऊच नका. फोटो-व्हिडिओ डीलरला पाठवा आणि टोचन करून न्या. टोचनची पावती ठेवा, तो खर्चही मागता येतो.

## टप्पा २: गाडी विकली कोणी, हे कागदावर शोधा

दुकानाच्या पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरं, फोन-पेवर डीलरच्या साळ्याचं खातं आणि आरसी चौथ्याच माणसाच्या नावावर. हे आमच्याकडे रोजचं आहे. भांडण सुरू झालं की डीलर म्हणतो, "मी तं फक्त मधात होतो." त्यामुळे आधी फाइल तयार करा:

- टोकनची व पूर्ण पैशाची पावती, बँक किंवा यूपीआयचा उतारा
- ताबा पावती, सेल लेटर, गाडी नावावर करण्याच्या टीटी फॉर्मच्या (२९ व ३०) प्रती
- जाहिरातीचा स्क्रीनशॉट (आजच काढा, तक्रार कळली की जाहिरात उडते)
- व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, विशेषतः "इंजिन एक नंबर, एसी चिल्ड" असले मेसेज
- वॉरंटी कार्ड असेल तर त्याची मागची बाजूसुद्धा

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मूळ मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये परिवहन खात्याच्या पोर्टलवर जाते. ही नोंद असेल तर 'मी मधातला' हे म्हणणं टिकत नाही. डीलरकडे अधिकारपत्राची प्रत मागा. देत नसेल तर मागितल्याचा मेसेज तरी फाइलीत राहतो.

पावतीच दिली नसेल तर घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. "पूर्ण पैसे मिळाल्याची पावती द्यावी" असा साधा मेसेज टाका. बहुतेक वेळा उत्तरात "देतो न" येतं आणि पैसे मिळाल्याची कबुली त्यातच होते.

ताबा पावतीवर 'गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली, पुढे तक्रार राहणार नाही' हे वाक्य छापलेलं असतंच. त्यानं लोकं खचतात. त्या वाक्याला वजन आहे, पण मर्यादित. पाहून-चालवून जो दोष कळायला हवा होता तो तुमच्या माथी, हे खरं. साध्या पाहणीत न दिसणारा आतला दोष किंवा डीलरनं खोटं सांगून लपवलेली गोष्ट त्या एका ओळीनं माफ होत नाही.

सावधान: भांडण आहे म्हणून दोन गोष्टी अडवू नका. पहिली, नावावर करणं. ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत आरसीसाठी आणि १४ दिवसांत विमा नावावर करण्यासाठी अर्ज जायला हवा. दुसरी, कर्जाचा हप्ता. 'डीलर ऐकत नाही तं हप्ता भरत नाही' म्हणणाऱ्याचा सिबिल खराब होतो, डीलरचं काहीच वाकडं होत नाही.

## टप्पा ३: उघडायच्या आधी लेखी तपासणी

आता मिस्त्री लागतो, पण दुरुस्तीला नाही, लिहून द्यायला. शक्यतो त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. तालुक्यात नसतं, जिल्ह्याला जावं लागतं, एक दिवस मोडतो. मोडू द्या. त्यांचा छापील अंदाजपत्रकाचा कागद पुढे वजनदार ठरतो. ते जमत नसेल तर स्कॅनर असलेलं आणि लेटरहेडवर सही-शिक्का देणारं गॅरेज गाठा. "तोंडी सांगतो न भाऊ" याचा उपयोग शून्य.

आत गेल्यावर पहिल्यांदाच सांगा: कोड (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचा, पुसू नका. स्कॅनर लावला की कोड इरेज करायची बऱ्याच पोरांना सवय असते. आधी स्क्रीनचा फोटो घ्या. समजा पी०३०० आला, तर इंजिन मिस होतंय एवढं कळतं. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर यांपैकी काहीही असू शकतं. म्हणजे कोड हा पुरावा आहे, निदान नव्हे. कोडच्या भरवशावर पार्ट बदलत बसलात तर पैसे तुमचेच जातील.

अहवालात चार गोष्टी लिहून घ्या: लक्षण काय, दोष कुठे, दुरुस्तीचा अंदाजे खर्च किती आणि तो दोष जुना असल्याच्या खुणा कोणत्या. सगळी मारामारी या चौथ्या गोष्टीवर असते आणि लोक नेमकी तीच सोडतात. माझ्या गाडीत सर्व्हिस सेंटरच्या माणसानं टॉर्च मारून दाखवलं, थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघडबंद करणारी झडप) हाउसिंगभोवती लाल सिलिकॉन लावलेलं होतं आणि त्यावर धुळीचा थर वाळून दगड झाला होता. म्हणजे थर्मोस्टॅट कधीतरी आधीच काढून टाकलेला, वरून बुजवलेला. गाडी गरम होते म्हणून हा जुगाड जागोजागी करतात. फॅन मोटरच्या शाफ्टवर गंज, रेडिएटरच्या तोंडाशी पांढरा क्षार. "हे चार दिवसांतलं नाही," असं त्यानं लिहून दिलं, आणि माझ्या मिस्त्र्यानं कापलेल्या वायरींचा मुद्दा तिथेच हलका झाला.

त्याच फेरीत गाडीची सर्व्हिस हिस्ट्री मागा. मागच्या सर्व्हिसला मीटर ९२,००० आणि तुम्हाला विकताना ६१,००० असेल तर मामला दुरुस्तीचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

हंगामाची गोष्ट: गाडी कार्तिकात घेतली आणि वॉरंटी सहा महिन्यांची असेल तर वैशाखात संपते. एसी आणि कूलिंगचे दोष थंडीत झोपलेले असतात, पारा ४५ ला टेकला की उठतात. एसीची तक्रार करायला मे महिन्याची वाट पाहू नका. जानेवारीतही भर दुपारी, काचा बंद करून, उभ्या गाडीत अर्धा तास एसी चालवा. काटा आणि हवा दोन्ही बघा.

## टप्पा ४: यादी छाटा

अहवाल हाती आला की माणूस अठरा कलमांची यादी करतो: वायपर, टायर, हॉर्न, सीट कव्हर आणि इंजिन एकाच रांगेत. डीलर मग हॉर्नपासून सुरुवात करतो, तीनशे रुपयांत हॉर्न बदलतो आणि "काम करून दिलं" म्हणतो.

यादीचे तीन भाग पाडा. टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बॅटरी, वायपर हे झिजणारे भाग आहेत. जुनी गाडी आहे, ते झिजलेलेच असणार, आणि लेखी कबूल केलं नसेल तर त्यासाठी डीलर बांधील नाही. दुसरा भाग आतल्या दोषांचा: गिअरबॉक्स, कूलिंग, हेड गॅसकेट, एसी कॉम्प्रेसर, वायरिंग. तिसरा भाग सांगितलं एक आणि निघालं दुसरं याचा: मीटर, अपघात, मालक किती झाले, पाण्यात बुडालेली गाडी.

पहिला भाग मी सरळ सोडून देतो. काहींना ते पटत नाही, "पैसे मोजले न आपण!" असं म्हणतात. पण तीन पक्क्या कलमांवर डीलर जितक्या लवकर वळतो, तितका अठरांवर कधीच वळत नाही. अपवाद एकच. टायर 'नवे' म्हणून सांगितले असतील तर टायरवरचा चार आकडी शिक्का बघा. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असा टायर तिसऱ्या भागात टाका.

## टप्पा ५: आधी मेसेज, मग फोन

फोनवर डीलर गोडच बोलतो. "करून देतो न भाऊ, टेन्शन काहून घेता? पोळा होऊ द्या, मंग घेऊन या." पोळा जातो, गणपती जातात आणि मुदत संपते. पावतीवर परत घेण्याची मुदत लिहिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्यानं अनुचित प्रथा आहे. म्हणून पहिली लेखी तक्रार त्या ३० दिवसांच्या आत गेलीच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि तीच प्रत सही करून दुकानाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं टाका.

मजकूर एवढाच ठेवा:

> नमस्कार. मी तुमच्याकडून दिनांक ___ रोजी ___ क्रमांकाची गाडी रु. ___ ला घेतली. ताबा घेताना मीटर ___ होतं, आज ___ आहे. दिनांक ___ पासून पुढील दोष दिसत आहेत: १) ___ २) ___ ३) ___. हे दोष विकताना सांगितले नव्हते आणि चालवून पाहताना दिसण्यासारखे नव्हते. सोबत व्हिडिओ व तपासणी अहवाल जोडला आहे. मी कुठेही काही उघडलेलं नाही. गाडी दुरुस्तीला कधी आणायची ते सात दिवसांत लेखी कळवावं.

'कुठेही काही उघडलेलं नाही' हे वाक्य खरं असेल तरच लिहा. माझ्यासारखं उघडलं असेल तर काय उघडलं तेही स्वतःच सांगा. डीलरनं ते शोधून काढण्यापेक्षा बरं. शिव्या, पोलिसात जाण्याची धमकी, 'व्हायरल करतो' यातलं काही नको. हा मेसेज उद्या ग्राहक आयोगापुढे वाचला जाणार आहे.

नंतर फोन करा आणि फोन ठेवल्याबरोबर दोन ओळी टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही सोमवारी गाडी आणायला सांगितलं आहे." त्याचं उत्तर नाही आलं तरी चालतं.

निम्मा-निम्मा खर्चाचा प्रस्ताव आला तर लगेच झिडकारू नका. पाच-सात हजारांच्या कामासाठी जिल्ह्याला चार चकरा मारणं आणि चार दिवसांची मजुरी बुडवणं परवडतं का, हा हिशोब ज्याचा त्यानं करावा. पार्ट डीलरचा आणि मजुरी आपली ही वाटणी मला बरी वाटते, कारण महागडा भाग साधारण पार्टच असतो.

## टप्पा ६: गाडी दुरुस्तीला सोडताना

डीलरच्या आवारात गाडी लावली, किल्ली पोराच्या हातात दिली, एसटीनं घरी आलो, असं करू नका. ताब्याचा कागद करा. त्यावर तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, स्टेपनी-जॅक-टूल आहेत का, बॅटरीचा नंबर आणि करायच्या कामांची यादी. शेवटी किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चानं. दुकानाचा शिक्का नसेल तर साध्या वहीचं पान चालेल, सही मात्र पाहिजे. गाडीचे चारही बाजूंनी आणि बॉनेटच्या आतून फोटो घ्या.

पार्ट नवा बसवणार की जुन्या बाजारातला, हे तिथेच ठरवून लिहा. काढलेला जुना पार्ट परत मागा. मूळ आरसी गाडीत ठेवू नका, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते.

सावधान: "तुमच्या गावातच करून घ्या, बिल पाठवा, देऊन देतो" असं म्हटलं तर रक्कम आणि गॅरेजचं नाव घालून त्याचं 'हो' मेसेजवर आल्याशिवाय काम सुरू करू नका.

## टप्पा ७: परत घेताना घाई नाही

संध्याकाळी सहाला 'या घेऊन जा' असा फोन येतो. इंजिन आधीच गरम असतं, अंधार पडत असतो, घर पन्नास किलोमीटर लांब असतं. शक्य असेल तर सकाळी जा. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना बघा, मग स्टार्ट करा. एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा. काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे, फॅन आपोआप सुरू आणि बंद झाला पाहिजे. एसी बंद असताना, किल्ली लावल्यापासून फॅन सतत फिरतच असेल तर तो डायरेक्ट केलाय, दुरुस्त नाही. नंतर निदान वीस किलोमीटर चालवा, थोडा खराब रस्ताही घ्या.

स्कॅनर पुन्हा लावून बघितला तर उत्तम. पुसलेला कोड काही किलोमीटर चालल्यावर परत येतो, तोवर सगळं झक्कास दिसतं.

सही मागतील त्या कागदावर 'सर्व तक्रारी दूर झाल्या' असेल तर खाली स्वतःच्या हातानं लिहा: 'पुढील तपासणीच्या अधीन राहून ताबा घेतला.' तेही लिहू देत नसतील तर सही न करता ताबा घ्या आणि गेटच्या बाहेर पडल्याबरोबर तसा मेसेज टाका.

तोच दोष परत आला तर टप्पा पाचपासून पुन्हा सुरुवात करा, फक्त तारखा वाढवा. दोनदा संधी दिली की माझ्या मते पुरे. तिसऱ्यांदा गाडी सोडायची नाही, पुढच्या टप्प्यावर जायचं.

## टप्पा ८: डीलर हलतच नसेल तर

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. तिला आदेश देण्याचे अधिकार नाहीत, पण नोंदीचा क्रमांक मिळतो, आणि काही डीलर तेवढ्यानंही वळतात. सोबतच पंधरा दिवसांची शेवटची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. वकिलाच्या लेटरहेडवर असलीच पाहिजे असं नाही. तीत रक्कम किंवा काम नेमकं मागा: इतके रुपये, किंवा हे तीन दोष दूर करून द्या. 'योग्य तो न्याय द्यावा' असं मोघम नको.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. डीलर नागपूरचा आणि तुम्ही वाशीमचे असाल तरी तक्रार तुमच्या जिल्ह्यात करता येते, हे फार जणांना माहीत नसतं. गाडीची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येते, वकील सक्तीचा नाही. दोष कुठला हे तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग गाडीची तज्ज्ञ तपासणी करवून घेऊ शकतो. म्हणून तक्रार चालू असताना ती दुसऱ्या कोणाकडून उघडवू नका. अगदी करावीच लागली तर आधी डीलरला लेखी कळवा, फोटो घ्या, पार्ट ठेवा.

गाडी भाड्यानं चालवायला घेतली असेल तर 'व्यापारी कारणासाठी घेतली' हा डीलरचा पहिला आक्षेप असतो. एकच गाडी, चालवणारे तुम्हीच आणि पोट त्यावरच, असं असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पोलीस ठाण्यात फक्त टप्पा चारमधल्या तिसऱ्या भागातली प्रकरणं न्या, म्हणजे मीटर मागे फिरवणं, खोटे कागद, चोरीची गाडी. एसी थंड करत नाही म्हणून गेलात तर 'दिवाणी स्वरूपाचं आहे' असं सांगून परत पाठवतील, आणि त्यांचंही चुकत नाही.

तडजोड झाली तर कागदावर करा. पैसे खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागे घ्या, चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. माझ्या डीलरनं शेवटी नोटिशीच्या अकराव्या दिवशी फॅन मोटर आणि थर्मोस्टॅट नवे बसवून दिले. रेडिएटर धुण्याचे पैसे आणि कापलेल्या वायरींची मजुरी मी भरली. जुनी मोटर आणि फाइल दोन्ही कोठ्यातल्या पेटीत आहेत. तक्रारीची दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत तुम्हीही ठेवा.